सिन्नरचें गोंदेश्वर देऊळ व ‘हेमाडपंती’ हें नांव

आमच्या नाशिक जिल्ह्यांत काळ्या दगडाचें जुनें देऊळ दिसलें कीं, तें ‘हेमाडपंती’ आहे, म्हणजे हेमाडपंतानें बांधिलें, असें लोक सांगतात. ही समजूत कितपत खरी आहे, हें आपण सिन्नरच्या गोंदेश्वरावरून पाहूं.

नाशिकाहून पुण्याच्या वाटेवर सुमारें 30 किलोमीटरांवर सिन्नर आहे. यादवांची राजधानी देवगिरीस जाण्यापूर्वीं हें त्यांचें एक मुख्य ठिकाण होतें. गोंदेश्वराचें देऊळ त्याच काळांतलें, म्हणजे 11व्या किंवा 12व्या शतकांतलें मानितात. प्रशस्त जोत्यावर मध्यें शिवाचें मोठें देऊळ, पुढें नंदीचा मंडप, आणि चार कोपऱ्यांस पार्वती, गणपति, सूर्य व विष्णु यांचीं लहान देवळें आहेत. अशा रचनेस पंचायतन म्हणतात.

शिखर पाहतांना वाचकांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. त्याच्या प्रत्येक बाजूच्या मधोमध एक नक्षीदार उभा पट्टा वर जातो. आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेंत लहान लहान शिखरें ओळीनें एकावर एक रचिलेलीं आहेत. या पद्धतीस शिल्पशास्त्रांत भूमिज असें नांव आहे.

आंत खांबावर तुळई व तुळईवर शिळा ठेविली आहे. छताचे थर एकेक करून थोडे आंत सरकवीत नेले म्हणजे वरची जागा आपोआप मिटते. अशा बांधणींत भार तोलला जातो तो दगडाच्या वजनानें व नेमक्या घडाईनें. त्याच शतकांत इंग्लंडांतील खेड्यांत दगडी चर्चें उभीं राहत होतीं; तेथील गवंडी मात्र चुन्यानें सांधे भरीत आणि कमानीवर भार घेत.

आतां हेमाडपंताकडे वळूं. हेमाद्रि हा महादेव यादव (1261 ते 1271) व त्यामागून रामचंद्र यांचा मंत्री होता. परंतु याच भूमिज पद्धतीचें अंबरनाथचें देऊळ शके 982 चें, म्हणजे इसवी सन 1060 च्या सुमाराचें आहे, असें तेथील शिलालेख सांगतो. म्हणजे हेमाद्रीच्या पूर्वीं दोनशें वर्षें हें काम महाराष्ट्रांत चाललें होतें. त्यानें कांहीं देवळें बांधविलीं असतील. पण ही विद्या त्याची नव्हे, ती पाथरवटांच्या अनेक पिढ्यांची आहे. सर्व श्रेय एका मंत्र्यास देणें म्हणजे त्या कष्टकऱ्यांस विसरणें होय.

हा निर्णय करितां आला तो एका लेखामुळें. तो दगड कोणी फोडून भिंतींत घातला असता तर ही साक्ष कायमची बुडाली असती. गोंदेश्वराचें रक्षण सरकारचें पुरातत्त्व खातें करितें. परंतु शेतांत व गांवकुसाजवळ पडलेल्या शिळांस राखणारे आपणच आहों. म्हणून नांगरास किंवा कुदळीस कोरीव अगर अक्षरें असलेला दगड लागल्यास तो पायांत घालूं नये, जागचा हलवूं नये, आणि तहशील कचेरींत वर्दी द्यावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे.