भाजल्यावर कोणते मलम लावावे?

चुलीवरचा चहा नुकताच खाली उतरवला होता. दोन वर्षांच्या बाळाने भांड्याला हात घातला. कढत चहा मनगटावर सांडला. बाळ किंचाळले.

घरात एकच गडबड झाली. आजी म्हणाली, "शाई लाव गं!" काकू दात घासायची पेस्ट घेऊन धावली. शेजारीण म्हणाली, "तूप चोपड, आग थांबेल."

आईने कुणाचे ऐकले नाही. तिने बाळाच्या मनगट्या काढल्या. बाळाला मोरीत नेले आणि हातावर साध्या पाण्याची धार धरली. अंगाला गारवा लागू नये म्हणून बाकीचे अंग टॉवेलात गुंडाळले. चांगली २० मिनिटे तिने धार धरली. बाळ रडत होते, आजी चिडली होती, तरी तिने हात सोडला नाही.

आईने केले ते बरोबर. चुलीवरून उतरवला तरी तवा बराच वेळ तापलेलाच असतो ना? कातडीचेही तसेच आहे. आतली धग आणखी खोल भाजत जाते. पाणी ती धग ओढून घेते. भाजल्यावर ३ तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. पण बर्फ नको. बर्फाने रक्ताच्या बारीक नळ्या आखडतात आणि कातडीला जास्त इजा होते. तूप-पेस्टने धग आत कोंडते. शाईने जखम किती खोल ते डॉक्टरांना दिसत नाही.

आता मलमाचे पाहू. पुष्कळ घरांत पिवळे बर्नोल असते. त्यात जंतू मारणारे औषध आहे. लहानशा चटक्याला, पाणी ओतून झाल्यावर, ते चालते. पाण्याऐवजी मात्र नाही.

दुसरे पांढरे मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. त्यात चांदीचा अंश असतो. १९६८ पासून मोठ्या जखमांसाठी ते जगभर वापरात आले. पण वरवरच्या लहान जखमेवर ते लावले तर जखम उशिरा भरते, असे पुढे दिसून आले. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईने आणि तान्ह्या मुलाला ते आपल्या मनाने लावू नये.

सोलापूरचे शल्यवैद्य डॉ. सुब्रह्मण्यम यांनी याच मलमाची मधाशी तुलना केली. १९९१ साली ती छापून आली. रोगी १०४ होते. निम्म्यांना मध लावला, निम्म्यांना पांढरे मलम. मध लावलेल्या १०० पैकी ८७ जखमा १५ दिवसांत भरल्या, मलमाच्या १०० पैकी १०. म्हणून पोळ्यातला मध थेट जखमेवर ओतायचा का? नाही. त्यात धूळ, जंतू असू शकतात. जखमेसाठी शुद्ध केलेला मध वेगळा मिळतो.

जखम उघडी ठेवून सुकवावी, असे आपल्याकडे म्हणतात. खरे तर उलट आहे, बरं का! ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी कातडी लवकर येते. म्हणून साधे व्हॅसलीन आणि वर स्वच्छ पट्टी, एवढ्यानेही लहान जखम छान भरते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉक्टरांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. पान जखमेला चिकटत नाही, आणि खर्चही थोडा. फोड मात्र कधी फोडू नये.

डाग राहील का, हे मलमापेक्षा दिवसांवर ठरते. २ आठवड्यांत भरलेल्या जखमेचा डाग सहसा थोडाच राहतो. ३ आठवड्यांहून जास्त लागले तर व्रण जाड होण्याची भीती असते. तशा व्रणावर सिलिकॉनचे मलम उपयोगी पडते. पण ते जखम पूर्ण भरल्यावरच, आणि काही महिने रोज लावावे लागते. कांद्याच्या अर्काची महाग मलमे विकतात. त्यांच्यावर पैसे घालावेत असा भक्कम पुरावा नाही.

तळहाताहून मोठे भाजले, तोंड, हात, सांधा किंवा नाजूक जागा भाजली, विजेने किंवा ॲसिडने भाजले, तर मलम शोधत बसू नये. विजेच्या तारेला चिकटलेल्या माणसाची वीज आधी बंद करावी. ॲसिडवर भरपूर पाणी ओतावे, आणि मग थेट दवाखाना. कातडी पांढरी किंवा काळी पडली आणि दुखत नाही, तर जखम खोल आहे असे समजावे.

बाळाचे मनगट म्हणजे सांधाच. आई त्याला लगेच आरोग्य केंद्रात घेऊन गेली. डॉक्टरांनी व्हॅसलीनची जाळीदार पट्टी बांधली. धनुर्वाताची लस झाली आहे ना, हे विचारले. बाराव्या दिवशी जखम भरली. कातडी अजून गुलाबी आहे. आई तिला खोबरेल चोळते, उन्हात लांब बाहीचा सदरा घालते. मनगट आखडू नये म्हणून बाळाच्या हातात चेंडू देते. चहाचे भांडे आता उंच फळीवर असते. तिथे ते आजीनेच ठेवले आहे.