बंदरातील तारिणी

१० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेसाठी गोव्याहून निघाल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. गोव्यातच बांधलेली ही नौका लांबीला सुमारे ५५ फूट. तेच त्यांचे घर आणि तेच त्यांचे वाहन.

वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केप टाउन ही मुक्कामाची बंदरे होती. बंदर म्हणजे विसावा, अशी सामान्य समजूत असते. परंतु नौकेवर राहणाऱ्यांना खरी कामे तेथेच असतात. शिडांची शिवण तपासावी, उसवलेला टाका पुन्हा घालावा. झिजलेले दोर बदलावेत. डोलकाठीवर चढून वरची बांधणी पाहावी. मग बाजारहाट! धान्य, फळे, औषधे हिशेबाने आणावीत. इंधन व गोडे पाणी भरावे. कपडे धुऊन वाळवावेत.

ही कामे क्षुल्लक भासतात. पण लिटलटन सोडल्यावर केप हॉर्नला वळसा घालून पोर्ट स्टॅनली गाठेपर्यंत कित्येक आठवडे खवळलेला महासागरच सोबतीला असतो. तेथे ना दुकान, ना कारागीर! बंदरात राहिलेली लहानशी उणीव तेथे जिवावर बेतते.

परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. घर जवळ आले म्हणून त्यांनी नौका तशीच पुढे दामटली नाही. मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात दुरुस्ती करून घेतली, मगच त्या निघाल्या. २१ मे २०१८ रोजी तारिणी सुखरूप गोव्यास परतली. सागरावरील धैर्याला बंदरातील दक्षतेची अशी जोड लागते.

स्वाध्याय
१. बंदरात नौकेवर कोणकोणती कामे करावी लागतात?
२. तारिणी पोर्ट लुईस येथे का थांबली?