दारातला निशिगंध आणि पाण्याचा धडा



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खते यांविषयी बोलतो. या वेळी विषय दारातल्या फुलांचा आहे. पण शेवटी गाडी उसावर येणारच.

निशिगंध, म्हणजेच गुलछडी, मूळची मेक्सिकोतली. आपल्या हारा-गजऱ्यांत ती इतकी रुळली की परकी वाटत नाही. सिंगल जातीला पाकळ्यांचा एकच फेर. हारासाठी हीच घ्यावी. राहुरी कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' सिंगलच आहे. डबल जात फुलदाणीत शोभते. दांड्यावर फुले खालून वर उमलत जातात. वास संध्याकाळनंतर खुलतो. दिवसभर रानात राबून माणूस ओसरीवर टेकला, की तो वास शीण घालवतो.

मी पहिल्या वर्षी कंद लावले ते न्हाणीच्या सांडपाण्याकाठी. म्हटलं, पाण्याची आयती सोय झाली. आषाढात पाती पिवळी पडली. उपटून पाहिलं, तर कंद हातात लिबलिबला. सौ. म्हणाल्या, "साऱ्या गावाला पाण्याचा हिशेब शिकवता, आणि आपल्या दारात हे?" उत्तर नव्हतं.

दुसऱ्या वर्षी नीट केलं, ते असं :

१) जागा उन्हाची, निचऱ्याची. गादीवाफा करून कुजलेले शेणखत घालावे.

२) बेणे निवडून घ्यावे. २ ते ३ सें.मी. जाडीचे, टणक, निरोगी कंद एप्रिल-मेमध्ये लावावेत.

३) खोली ५ ते ६ सें.मी., अंतर २० सें.मी.; कंदाचे टोक वर.

४) बोट मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागली तर पाणी देऊ नये.

साधारण तीन-चार महिन्यांत, गौरी-गणपतीच्या सुमारास दांडे निघतात. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवतीची पिल्ले पुढे फुलतात. म्हणून फुले सरली की वाफा मोडू नका. खोडव्यासारखाच दोन-तीन वर्षे ठेवा, मग कंद काढून नव्या जागी लावा.

आता उसाचं. कंदाला जशी हवा लागते तशी उसाच्या मुळांनाही लागते. जादा पाण्याने कंद महिन्या-दोन महिन्यांत सडून सांगतो. जमीन सांगायला वर्षे लावते. क्षारपड झाल्यावर मात्र ती सहजी परत येत नाही. तेव्हा मोटर सुरू करण्याआधी उसाच्या सरीतही हात घालून ओल बघा.

— ऊस विकास अधिकारी