रविवार कुणाचा?

पालकहो, मुलीने एकदा वहीचं एक पान फाडून माझ्यापुढे ठेवलं होतं. त्या पानाबद्दल आज तुमच्याशी बोलायचंय. ज्यांची मुलं पदवीनंतर शिकायला गाव सोडून गेलीत किंवा यंदा जायची आहेत, त्यांच्याशी तर नक्कीच.

आमचं घर मळवलीजवळ. थोडी भातशेती आहे, ती तिचे बाबा पाहतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लेकीने लोणावळ्यात बी.एस्सी. केलं आणि २०२४ साली तिला पुण्यात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. आमच्या भावकीत एवढं शिकणारी ती पहिलीच. पुणं आम्हाला परकं नव्हतं. बस्ता बांधायला पुणं, दवाखान्याला पुणं. लोकलने सव्वा-दीड तासाची वाट. त्यामुळे मुलगी ‘नव्या शहरात’ चाललीय असं मला वाटलंच नाही, आणि चूक तिथूनच सुरू झाली. खरेदी करून संध्याकाळी परतायचं पुणं वेगळं आणि जिथे आजारी पडलं तर आपणच उठून पाणी घ्यायचं ते पुणं वेगळं.

पहिलं सत्र तिने रोज जाऊन-येऊन काढलं. सकाळी अंधारात घर सोडायचं. प्रॅक्टिकल संपायला साडेपाच व्हायचे, एक लोकल हुकली की पुढच्या गाडीपर्यंत शिवाजीनगरला ताटकळायचं, घरी पोचेपर्यंत आठ-साडेआठ. जेवण झालं की जर्नल लिहायला बसायची आणि पेन हातात तसंच ठेवून डोळा लागायचा. डिसेंबरमध्ये तिने कॉट बेसिसवर जागा घेतली, तीन मुलींत एक खोली. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आता वेळ वाचेल.

एम.एस्सी.चा अभ्यास किती असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्राला २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे दोन तास. हे झाले फक्त वर्गातले आणि प्रयोगशाळेतले. वाचन, जर्नल, सेमिनार त्याच्या वर. दुसऱ्या सत्रात ओजेटी, म्हणजे एखाद्या कंपनीत किंवा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम, त्याचे ४ क्रेडिट, १२० तास. पुढच्या वर्षी संशोधन प्रकल्प. बी.एस्सी.त परीक्षेआधी महिनाभर जागून निभावतं, इथे आठवडा चुकला की तो पुढच्या आठवड्यावर येऊन बसतो.

आणि या सगळ्यात तिचं ते दुसरं काम. कॉलेजात असल्यापासून ती गावाकडच्या बचाव पथकाबरोबर जाते. आपल्या भागात हे नवं नाही. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची माणसं नोकरीधंदा सांभाळून वर्षानुवर्षं हे करत आलीत. लोहगड-विसापूरला वाट चुकलेले, नागफणीला अडकलेले, धबधब्यात ओढले गेलेले, कुणासाठीही मध्यरात्री दोर खांद्यावर टाकून निघतात. माझी मुलगी दोरावर उतरत नाही. प्रथमोपचार, फोनवर ठावठिकाणा विचारून घेणं आणि पावसाळ्यात गर्दीच्या जागी उभं राहून लोकांना पाण्यात जाण्यापासून अडवणं हे तिच्याकडे असतं.

३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढचे काही दिवस शोध चालू होता. त्या आठवड्यात तिने घरी फारसं तोंड उघडलं नाही. एम.एस्सी.चा प्रवेश तोंडावर आला होता. मी म्हटलं, ‘आता हे बंद कर. अभ्यास सांभाळ.’ ती काही बोलली नाही. मला वाटलं, ऐकलं.

बंद केलं नव्हतंच. पुण्याला राहायला गेल्यावरही महिन्यातून दोन रविवार ती पथकाला देत होती. जानेवारीत पहिल्या सत्राचा निकाल लागला, एका विषयात गुण कमी होते. माझं बोट लगेच तिकडे गेलं. फोनवर मी तेच तेच बोलत राहिले. शेवटी फेब्रुवारीत एका शनिवारी ती घरी आली आणि जेवणं झाल्यावर ते पान तिने माझ्यापुढे ठेवलं.

त्यावर आठवड्याचे १६८ तास मांडले होते. रागाने नाही. प्रयोगाची निरीक्षणं लिहावीत तसे, चार आठवडे मोजून सरासरी काढलेले. लेक्चर-प्रॅक्टिकल, वाचन, जर्नल, झोप, आंघोळ-कपडे-मेस, बस. बचाव पथकापुढे लिहिलं होतं साडेचार तास. त्याखाली ‘घर’, आणि पुढे चौदा.

मी विचारलं, ‘घर चौदा म्हणजे काय गं?’

ती म्हणाली, ‘आई, तुझे फोन रोज तीन, मिळून चाळीस-पन्नास मिनिटं. शनिवारी लोकलने यायचं, रविवारी जायचं, वाट बघण्यासकट चार तास. या महिन्यात एक साखरपुडा, एक बारसं, आत्याकडचं हळदीकुंकू. मला यायला आवडतं. पण तू जे कमी करायला सांगतेस ते साडेचार आहे.’

पालकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. तिच्या पाठीवरचं ओझं कशाकशाचं आहे हे मी रोज मोजत होते. त्यात माझं स्वतःचं वजन मी कधी धरलंच नव्हतं. आपला फोन आपल्याला माया वाटतो. तिकडे तो टायट्रेशन चालू असताना येतो. ‘जेवलीस का’ एवढंच विचारायला केलेल्या फोनवर मी चुलतभावाच्या जमिनीचा वाद ऐकवत बसायचे. भावकीत कुणाचं काय असलं की ‘ती येईल, जवळच तर आहे’ असं मीच परस्पर सांगून मोकळी व्हायचे. परदेशात गेलेल्या मुलांना निदान अशा समारंभांतून सूट मिळते. जवळच्या शहरातलं मूल मात्र घर सोडूनही घरातच असतं. शहरात नवी माणसं जोडायला, खोलीतल्या मुलींबरोबर टेकडीवर जायला, नुसतं पडून राहायला जो रविवार लागतो, तो तिच्याकडे कधी उरतच नव्हता.

आणि ते साडेचार तास. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण हौसेने मुलांची नावं घालतो. तिथेही वर्षाला १२० तासांची अपेक्षा असते, म्हणजे आठवड्याला सव्वादोन तासांच्या वर. माझी मुलगी त्याच्या दुप्पट करत होती, एवढंच. शिवाय प्रयोगशाळेत चार-चार दिवस निकाल येत नाही तेव्हा तिला सावरतं ते हेच काम, असं ती सांगते. तिथे एका माणसाला हात धरून मागे ओढलं की तो मागे येतो. मला हे समजायला वेळ लागला.

शास्त्रज्ञ कमला सोहोनींचं चरित्र मी वर्गात मुलांना सांगते. १९३३ साली त्यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या आणि वर्षभराच्या अटीवर का होईना आत शिरल्या. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. हा भाग मी रंगवून सांगायचे. पुढे त्यांनी मुंबईत ग्राहक चळवळीचं काम केलं, त्यासाठी लेख लिहिले, हे मी एका वाक्यात उरकायचे. आता तसं उरकत नाही.

आम्ही काय बदललं ते सांगते. फोन रोज एक, तोही रात्री आणि तिच्याकडून. समारंभाचं आमंत्रण तिला थेट जातं, होकार-नकार तिचा. परीक्षेआधीचे तीन आठवडे पथकाच्या यादीत माझं नाव धरू नका, हे तिने तिच्या प्रमुखांना आधीच सांगून ठेवलंय. आयत्या वेळी नाही म्हणण्यापेक्षा ते त्यांनाही बरं पडतं. आणि मी विचारते ते एकच, झोप झाली का. ते मात्र मी सोडलेलं नाही. सहा तासांच्या खाली गेली तर मी बोलते. आईने बोलायची ती जागा आहे असं मला वाटतं.

१५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला. चार जण गेले. तोही रविवारच. असे अपघात बरेचदा रविवारीच होतात, कारण शहराला सुट्टी त्याच दिवशी असते, आणि आमच्या मुलीलाही. तिला मंगळवारी ओजेटीचा अहवाल द्यायचा होता, यादीत नाव नव्हतं. ती गेली नाही. संध्याकाळी फोनवर रडली. ‘मी तिथे असायला हवं होतं’ म्हणाली. एरवी मी ‘बरं झालं गेली नाहीस’ म्हटलं असतं. त्या दिवशी नुसतं ऐकलं.

जुलैत लावणी आली. दरवर्षी ती खाचरात माझ्या शेजारी उभी असायची. इंद्रायणी वाणाचंच भात असतं आमच्याकडे, वडगावच्या भात संशोधन केंद्रातून निघालेलं. त्या वर्षी तिला बोलावलं नाही, शेजारची चार घरं हाताखाली घेतली. त्याच रविवारी ती भुशीला गर्दी आवरायला उभी होती, आमच्या शेतापासून काही मैलांवर. दुपारी तिच्या बाबांनी गाडीवरून डबा पोचवला, गरम भात, वालाची आमटी, पथकातल्या चौघांना पुरेल एवढं. परत आल्यावर म्हणाले, ‘भिजलीय चिंब. पण जेवली पोटभर. संध्याकाळच्या लोकलने जाते म्हणाली पुण्याला.’

रात्री साडेनऊला फोन आला. ‘आई, पोचले. किती रोपं उरलीत?’

‘दोन खाचरं.’

‘बरं. झोपते आता.’

‘झोप,’ म्हटलं आणि फोन ठेवला.