देखावा



आमच्या मुलीने दुसरीत असताना एक देखावा काढला होता. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड. तुमच्याही घरी तो असेलच. लहानपणी तुम्हीही काढला असेल. आम्ही सोलापूरचे. आमच्या खिडकीतून डोंगर दिसत नाही, नदी तर नाहीच. दिसते पाण्याची टाकी आणि तिच्यामागचा कडुनिंब. तरी मी "छान हं!" म्हणून तो देखावा फ्रिजवर चिकटवला. पोरीने यातलं काहीच पाहिलेलं नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते आलं मॅक्सीन ग्रीन यांच्यामुळे. या बाई न्यूयॉर्कच्या, जन्म १९१७चा. मुलगी शाळेत असते त्या वेळेत जमणारा वर्ग म्हणून शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाकडे वळले, असं त्या सांगत. (आयांना हे वेगळं समजवायला नको.) पुढे १९६५पासून कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात त्यांनी तोच विषय शिकवला. शिवाय लिंकन सेंटर या नाटक-संगीत-नृत्याच्या मोठ्या संकुलाशी त्यांचं अनेक वर्षांचं नातं होतं. उन्हाळ्यात तिथे शिक्षक जमत. मुलांपुढे उभं राहण्याआधी स्वतः नाचत, रंगांत हात घालत, नाटक बघून त्यावर बोलत. २०१४ साली, ९६व्या वर्षी बाई गेल्या.

त्यांचं म्हणणं असं की, सवयीने माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो. कला त्याला जागं करते. पण आपोआप नाही. नुसतं चित्रासमोर नेऊन उभं केलं की झालं, असं होत नाही. थांबावं लागतं, बघावं लागतं, आपलं काहीतरी त्यात घालावं लागतं. हे वाचलं आणि मला पुण्याचं केळकर संग्रहालय आठवलं. पोरगी एका अडकित्त्यासमोर रेंगाळली होती आणि मी "चल, अजून खूप बघायचंय" म्हणत तिचा हात ओढत होते.

कल्पनाशक्ती म्हटलं की आपल्याला पऱ्या आणि राक्षस आठवतात. ग्रीनबाईंना ती फार रोजच्या कामाची वाटे. समोर आहे ते याहून वेगळं असू शकतं हे दिसणं, आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवता येणं, म्हणजे कल्पनाशक्ती.

आता आपल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांबद्दल. दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून मीही क्लास लावणार आहे, खोटं कशाला बोलू? हात बसतो, ते चांगलंच. पण त्यातल्या 'स्मरणचित्र' या विषयाच्या नावाकडे जरा बघा. आठवायचं ते आपण पाहिलेलं. कित्येक क्लासांत मात्र भाजीबाजार, बसस्टॉप, विहिरीवरच्या बायका असे ठरलेले प्रसंग घोटून घेतात आणि पोरं सरांचा भाजीबाजार स्मरतात. स्वतः कधी आईबरोबर पिशवी धरून मंडईत गेलेली असतात, ते कागदावर येतच नाही.

परवा संध्याकाळी आम्ही दोघी गॅलरीत बसलो. कागद नाही, रंग नाही. फक्त ती टाकी बघायची. पाच मिनिटं पोरगी कंटाळली. मग म्हणाली, "आई, शिडीच्या खालच्या पायऱ्याच नाहीत." इतकी वर्षं समोर असून मला ते दिसलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, "मग टाकी साफ करणारे काका वर कसे चढतात?" बराच वेळ ती त्या काकांचाच विचार करत होती. ते घाबरत असतील का, खाली कुणी धरायला असतं का.

यातलं काही परीक्षेत येणार नाही.

एक विनंती आहे. शाळेत चित्रकलेचा तास काढून गणिताला दिला जातो, तेव्हा आपण पालक मनातून खूशच होतो. पुढच्या पालकसभेत तो तास परत मागा. मी मागणार आहे; सोबतीला दोन-चार जण असलात तर बरं.