पहिल्या पगारातून मागे मोजा: नेटवर्किंगची पदवी आणि शैक्षणिक कर्ज

बारावीचा निकाल लागला की बहुतेक घरांत हिशेब एकाच क्रमाने होतो. कॉलेजची फी किती, घरातून किती निघतील आणि उरलेल्या रकमेला कर्ज. बँक मंजूर करते म्हणजे परवडतं, असं धरून सही होते. ज्याला कॉम्प्युटर नेटवर्किंगमध्ये जायचंय, त्याने हा क्रम उलटा करावा. आधी पहिला पगार, त्यातून झेपेल असा हप्ता, त्या हप्त्यात बसेल तेवढं कर्ज आणि मग त्या कर्जात बसेल असं कॉलेज.

याला कारण आहे. या क्षेत्रातली पहिली नोकरी बहुधा एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षात एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीचा तंत्रज्ञ म्हणून लागते, नाहीतर फील्ड इंजिनिअर म्हणून. एकीकडे स्क्रीनवरचे अलार्म, तिकिटं आणि रात्रपाळी. दुसरीकडे रॅक, पॅच कॉर्ड आणि दुचाकीवरची पळापळ. तिथे शेजारच्या खुर्चीवर बीसीए झालेला, डिप्लोमावाला आणि इंजिनिअर असे तिघंही बसलेले दिसतात. त्यांनी मोजलेल्या फीमध्ये मात्र लाखांचा फरक असतो.

पॅकेज ३ लाख ६०, हातात किती?

मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळलं आहे. आपण वर्षाला ३,६०,००० रुपये धरू. महिन्याला ३०,००० होतात, पण ऑफर लेटरचं शेवटचं पान उघडा. मूळ वेतन १५,००० असेल, तर साधारण असं दिसेल:

- कामगिरीवर मिळणारा बदलता पगार: १,५०० (वर्षाअखेर, तोही पूर्ण मिळेलच असं नाही)
- कंपनीच्या वाट्याचा पीएफ: १,८००
- ग्रॅच्युइटी: सुमारे ७२०
- गटविमा: ५००
- तुमच्या वाट्याचा पीएफ: १,८००
- व्यवसाय कर: २०० (फेब्रुवारीत ३००, महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर माफ)

हातात उरतात सुमारे २३,५००. यातला बदलता पगार आणि विम्याचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या पत्रातले घालून बेरीज-वजाबाकी पुन्हा करा. हिंजवडी किंवा ऐरोलीत कॉट बेसिसवर जागा ७,०००, मेस ४,००० आणि जाणं-येणं, मोबाइल मिळून २,००० धरले, तर महिन्याकाठी शिल्लक राहतात १०,५००.

सहा लाखांचं कर्ज, प्रत्यक्षात किती?

खासगी कॉलेजात चार वर्षांची इंजिनिअरिंग, दरवर्षी दीड लाख कर्जातून, व्याजदर १० टक्के. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज पहिल्या उचलीपासूनच चालू होतं. या काळात ते सरळव्याज असतं, आणि पाच वर्षांत २,१०,००० होतं. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर सहा नव्हे, ८,१०,००० असतात. पुढचे पर्याय असे:

- ७ वर्षांत फेड: हप्ता सुमारे १३,४५०, एकूण ११.३ लाख
- १० वर्षांत फेड: हप्ता सुमारे १०,७००, एकूण १२.८ लाख
- १५ वर्षांत फेड: हप्ता सुमारे ८,७००, एकूण १५.७ लाख

वरच्या उदाहरणात शिल्लक १०,५००, आणि दहा वर्षांचा हप्ता १०,७००. घरी एक रुपयाही न पाठवता महिना तुटीत जातो. हातातल्या पगाराच्या पाचव्या हिश्शापर्यंतचा हप्ता निभावतो, हा आमचा मापदंड. २३,५०० वर तो ४,७०० येतो आणि त्यात, दहा वर्षांत फेड धरून, चार वर्षांच्या पदवीसाठी बसतं अवघं २ लाख ६० हजारांचं कर्ज. ताणून चौथा हिस्सा दिला, तरी सव्वातीन लाखांच्या पुढे जाऊ नये.

शिकत असतानाच व्याज भरत गेलात, तर चित्र बरंच सुधारतं. पहिल्या वर्षी महिन्याला १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५०, नंतर ५,०००. असं केल्यास दहा वर्षांचा हप्ता ७,९०० वर येतो आणि एकूण सव्वा लाख वाचतात. अशा कर्जदाराला काही बँका व्याजदरात एक टक्का सवलतही देतात. अर्ज करतानाच विचारा.

स्वस्त वाट किती स्वस्त?

आता दुसरा मुलगा घ्या. त्याने बीएस्सी आयटी किंवा बीसीए केलं, वर्षाला ५०,००० भरून तीन वर्षांत. (बीसीएला २०२४-२५ पासून राज्यात सीईटी लागते.) सोबत सिस्कोची सीसीएनए ही प्रमाणपत्र परीक्षा दिली. २००-३०१ या परीक्षेची फी ३०० डॉलर; जीएसटी धरून तीसेक हजार. एकूण खर्च १ लाख ८० हजार. पहिला पगार मात्र कमी, हातात १८,००० धरू.

इंजिनिअरला महिन्याला ५,५०० जास्त मिळतात, म्हणजे वर्षाला ६६,०००. पण त्याचा खर्च व्याजासह ८,१०,०००, आणि दुसऱ्याने चौथ्या वर्षी २,१६,००० कमावलेही. दोघांमधली दरी साडेआठ लाखांच्या घरात जाते. पगारातला फरक तेवढाच राहिला, तर ती भरून निघायला बारा-तेरा वर्षं लागतील.

फरक तेवढाच राहतो का? कधी वाढतो, कधी पुसला जातो. तीन-चार वर्षांनंतर या क्षेत्रात पगार ठरतो तो काय हाताळलंय यावरून. बीजीपी-ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलची गुंतागुंत सोडवता येते का, फायरवॉल सांभाळता येतो का, क्लाउडवरचं नेटवर्क उभारता येतं का, पायथनमध्ये नेहमीचं काम स्वयंचलित करता येतं का. एल-वनचं काम हळूहळू यंत्रं करू लागली आहेत, त्यामुळे तिथेच बसून राहणाऱ्याला पदवी कोणतीही असो, वाढ बेताचीच.

इंजिनिअरिंगच्या पारड्यातही वजन आहे. कॅम्पसवर येणाऱ्या काही कंपन्या फक्त बीई-बीटेक घेतात, काही सरकारी अभियंता पदांना ती पात्रता लागते, आणि परदेशात एमएस करायचं तर चार वर्षांची पदवी सोयीची पडते. शासकीय कॉलेजात किंवा शुल्कमाफीत जागा मिळत असेल, तर इंजिनिअरिंग निःशंक घ्या. प्रश्न येतो तो पूर्ण फी कर्जाने भरायची असेल तेव्हा.

दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातला डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही मधली वाट मध्यमवर्गाच्या नजरेतून अनेकदा सुटते. फीचं एक अख्खं वर्ष वाचतं आणि मध्येच थांबावं लागलं, तरी हातात डिप्लोमा असतो.

कर्जाआधी हे मागा

- राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर निम्मं शिक्षण शुल्क. अर्ज महाडीबीटीवर.
- मुलींसाठी: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत.
- पीएम विद्यालक्ष्मी: ठरावीक दर्जेदार संस्थांमध्ये, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याज सरकार भरतं. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला हे मिळत नाही, म्हणून दोन्ही धरून हिशेब करू नका.
- तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी, उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल, तर हप्ता सुरू होईपर्यंतचं पूर्ण व्याज सरकार भरण्याची केंद्राची वेगळी योजना आहे.

राज्याच्या सवलती कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली की त्यांवर पाणी सोडावं लागतं. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. कॉलेजच्या काउंटरवरचा आकडा तिच्याशी ताडून पाहा. आणि सीईटी सेलने दिलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला, तर कॉलेजला हजार रुपयांहून जास्त कापता येत नाहीत.

बँकेत बसल्यावर

आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा भरावा लागत नाही, आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. मुलाचा हप्ता चुकला, तर सिबिल त्यांचंही बिघडतं. कर्जासोबत विमा पुढे केला जाईल. त्याचा प्रीमियम कर्जातच मिसळला, तर त्यावरही दहा वर्षं व्याज जातं; किंमत वेगळी लिहून मागा. बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नाही, म्हणून बोनस आला की मुद्दलात टाका.

'व्याजावर करसवलत मिळते' हे वाक्यही ऐकू येईल. सवलत खरी आहे, आठ वर्षांसाठी आणि कमाल मर्यादेशिवाय. पण ती वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि ३ लाख ६० हजारांच्या पगारावर कर दोन्ही प्रणालींत शून्य. जो कर लागतच नाही, तो वाचणार कुठून?

'नोकरीची हमी' देणारे क्लास

अशा क्लासच्या फीसाठी 'बिनव्याजी हप्ते' असतात. तो क्लासचा हप्ता नसतो; वित्तसंस्थेने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. क्लासला टाळं लागलं तरी हप्ता थांबत नाही. हमी लेखी मागा: पगार किती, किती महिन्यांत, नोकरी न लागल्यास परतावा किती. फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सरावासाठी लाखाचा क्लास लागत नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, एनपीटीईएलवरचे नेटवर्किंगचे अभ्यासक्रमही. सीसीएनए मात्र तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात द्या. तिची मुदत तीन वर्षांची, आणि नापास झालात तर पूर्ण फी पुन्हा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

प्लेसमेंटच्या फलकावरचं सर्वोच्च पॅकेज वाचू नका. मधला विद्यार्थी किती पगारावर लागला, ते विचारा. मग लॅबमध्ये जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलाला दोन प्रश्न विचारा: स्विचवर व्हीलॅन स्वतःच्या हाताने केलंस का, आणि स्लॅश २६ च्या सबनेटमध्ये किती होस्ट बसतात? उत्तर ६२. मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत येणारा हा प्रश्न आहे. तिथे मुलं चाचपडत असतील, तर ते शिकायला पुढे वेगळे पैसे मोजावे लागतील, हे फीमध्ये मिळवून घ्या.

आणि प्रवेशाच्या खिडकीवर जाण्याआधी एका कागदावर तीन आकडे लिहा: मधला पगार हातात किती, त्याचा पाचवा हिस्सा किती, कर्जाचा हप्ता किती. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर कर्ज कमी करा किंवा कॉलेज बदला. पगार वाढेल या आशेवर सही करू नका.