आधी भिंत वाळू दे

पुणे, 2 ऑगस्ट

चि. सोनू,



डोंबिवलीच्या घराचे फोटो काल रात्री निवांत पाहिले. हॉलसाठी काढलेल्या अकरा छटाही पाहिल्या. त्यातली कुठली घेऊ, असं तू विचारलंयस. पण माझी नजर सोफ्यामागच्या भिंतीवरच अडकली. जमिनीपासून दोनेक फुटांवर पोपडा सुटलाय आणि त्याखाली पांढरी भुकटी दिसतेय. तो लोणा आहे. भिंतीपलीकडे तुमचं बाथरूम. तिथलं पाणी भिंतीत मुरतंय आणि विटांमधले, गिलाव्यातले क्षार घेऊन बाहेर येतंय. त्यावर कितीही भारी रंग लावलास तरी तो धरणार नाही.

गणपतीआधी रंग उरकायचा तुझा विचार मला कळतो. नव्या घरातला पहिला गणपती आहे. तरीही नको म्हणते, कारण या रंगकामाला लागून मला दोनच वर्षं झाली असताना ही चूक मी स्वतः केली आहे. दादरच्या एका घरातल्या आजींना सणासाठी घर नवं हवं होतं. भिंत हाताला कोरडी लागली आणि मी हो म्हटलं. नोव्हेंबरात सगळी भिंत फुग्यांनी भरली. पुन्हा खरवडणं, लांबी (म्हणजे पुट्टी), प्रायमर, रंगाचे दोन हात, असा सगळा खर्च मी सोसला. पण त्या वयात आजींना दुसऱ्यांदा सामान हलवावं लागलं, ते मला आजही लागतं.

हाताला कोरडी लागणारी भिंत आतून ओली असू शकते. म्हणून फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा घे, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लाव आणि एक दिवस-रात्र तसाच ठेव. सोडवल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा असला, तर तो पावसाळी हवेचा. बाथरूमची गळती थांबली की लोण्याचा भाग कोरड्या ब्रशने झाड, फुगलेला गिलावा काढून नवा करून घे आणि मग भिंत उघडी राहू दे. नवा गिलावा वाळायला किमान चार आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. तोवर सोफा हातभर पुढे ओढून ठेव.

म्हणून रंगकाम दिवाळीनंतर कर. दिवाळीआधी चांगल्या रंगाऱ्याच्याही हातात एका वेळी तीन-चार घरं असतात. मग लांबी वाळायच्या आत घासली जाते आणि प्रायमरवर त्याच दिवशी रंग चढतो. डिसेंबरात हवा कोरडी असते आणि माणसांना सवड असते. पहिली दिवाळी जुन्या रंगात होईल. होऊ दे.

आता जे तू विचारलं नाहीस, पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते. इमारत 1986ची आहे आणि तुझा ओजस दोन वर्षांचा. खिडक्यांच्या गजांवर हिरव्या ऑइलपेंटचे थर दिसतात. घरगुती रंगांमधल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं बरंच असू शकतं. ते खरवडताना उडणारी धूळ लहान मुलांना फार घातक. गज कोरडे घासू देऊ नकोस, पाणी मारून ओलेच घासायला सांग. ते काम चालू असेल तेवढे दिवस ओजसला आजीकडे ठेव. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने दोनदा पुसून घे. यात जराही सूट देऊ नकोस.

छटेचं सांगते. तुझा हॉल पश्चिमेचा आहे. दुपारी तीननंतर तिथे पिवळं ऊन येतं, त्यात तू निवडलेला क्रीम नारिंगी दिसेल. शेड कार्डावरचा रंग अख्ख्या भिंतीवर नेहमी गडद वाटतो, म्हणून मनात असेल त्याहून एक पायरी फिका घे. आधी दिवे ठरव. 3000 केल्विनच्या उबदार उजेडातला राखाडी 6500च्या पांढऱ्या ट्यूबखाली निळसर दिसतो. दोन छटांचे छोटे डबे आण, दोन-दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मार आणि ते पुठ्ठे सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघ. माझं मत विचारशील तर यादीतला चौथा, तांदळाच्या धुवणासारखा पांढरा. एकच भिंत गडद करायची हौस बेडरूममध्ये पलंगामागे भागव, हॉलमध्ये नको.

चकाकी असलेला रंग लांबीतला प्रत्येक उंचवटा दाखवतो. जुन्या भिंतींना मॅटच बरा. फक्त स्वयंपाकघरात, फोडणीचे डाग पुसता यावेत म्हणून, धुता येणारा घे.

रंगाऱ्याने सांगितलेले डबे डोळे झाकून आणू नकोस. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीच्या भिंती दार-खिडकी वगळून साधारण 400 चौरस फूट भरतात. लांबी केलेल्या भिंतीवर दोन हातांना लिटरमागे 65 ते 75 चौरस फूट होतात, म्हणजे सहा लिटर पुरेत. एका छटेचे सगळे डबे एकदम मिसळून घे आणि झाकणावरचा कोड वहीत लिहून ठेव.

डिसेंबरात मी चार दिवस येते, पुठ्ठे आपण दोघी मिळून बघू. तोपर्यंत छटांची यादी बाजूला ठेव आणि प्लंबरला आजच फोन कर.

तुझी,
मावशी